दवंडी, गाऱ्हाणे आणि व्यासपीठ : कोकणातील दलित वक्त्या-लेखकाच्या आधारांचा शोध

दलित साहित्याची चर्चा आपण आजवर मुख्यतः दोन अंगांनी केली. या साहित्यातील विद्रोह कोणाविरुद्ध आहे, हे एक अंग. आणि या साहित्याची भाषा व तिचे निकष कोणते, हे दुसरे. दोन्ही प्रश्न महत्त्वाचेच होते. परंतु तिसरा एक प्रश्न आहे, तो फारसा कोणी विचारीत नाही. ज्या माणसाच्या घरात पुस्तक नव्हते, कंदील एकच होता आणि तोही स्वयंपाकाला लागत होता, तो माणूस लिहायला बसला तेव्हा त्याला बसायला जागा कोणी दिली? त्याने लिहिलेले पहिल्यांदा कोणी ऐकून घेतले? तो सभेत बोलायला उभा राहिला तेव्हा त्याचा घसा कोरडा पडला असेल, शब्द अडकले असतील. अशा वेळी समोरून ‘बोल रे, थांबू नको’ असे म्हणणारे कोण होते?

प्रस्थापितांच्या वाङ्मयेतिहासात हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे सगळे श्रेय प्रतिभेला दिलेले असते. मालवण किनाऱ्यापुरते बोलायचे तर ही भूमी साहित्यिकांची खाण आहे, असे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. विंदा करंदीकर त्याच तालुक्यातले. चिं. त्र्यं. खानोलकर, मंगेश पाडगावकर, जयवंत दळवी ही वेंगुर्ले तालुक्याने दिलेली नावे. मधु मंगेश कर्णिक कणकवलीजवळच्या करूळचे. यादी खरीच मोठी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. पण या यादीत महारवाड्यातले, चांभारवाड्यातले नाव सापडत नाही. समुद्र सर्वांना सारखाच दिसत होता, माडांची झावळी सर्वांच्याच डोक्यावर हलत होती. मग प्रतिभा तेवढी वाडी पाहून जन्माला आली काय?

तसे कोणी म्हणणार नाही. म्हणून प्रश्न प्रतिभेचा नसून आधाराचा आहे, असे धरून मी हा इतिहास पाहू इच्छितो. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्याचाच दक्षिण भाग होता. त्यामुळे या शोधात महाड-दापोलीपासून मुंबईच्या चाळींपर्यंत जावे लागेल. आमच्या माणसांचे जाणेयेणेही त्याच वाटेने झाले आहे.

१

सिंधुदुर्गातले गाव अजूनही गावऱ्हाटीने बांधलेले आहे. ग्रामदेवता, तिचे मानकरी, गावकर, बारा-पाचाचा मेळ आणि प्रत्येकाचा ठरलेला मान, अशी ही रचना. या रचनेत सार्वजनिक भाषणाचा एक प्रकार फार जुना आहे. तो म्हणजे गाऱ्हाणे. देवळापुढे एक माणूस उभा राहतो, देवाला हाक घालतो, गावाच्या वतीने एकेक मागणे मागतो आणि प्रत्येक मागण्यानंतर जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतो. वक्तृत्वाच्या दृष्टीने पाहिले तर ही विलक्षण शाळा आहे. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचा, ऐकणाऱ्याला आपल्या शब्दात कसे ओढायचे, हे सगळे तिथे आपोआप शिकता येते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बोलणारा एकटा नसतो. त्याचे वाक्य संपताच शेकडो तोंडे ते उचलून धरतात.

पण हा अधिकार कोणाचा? तो वंशपरंपरेने ठरलेला. महाराला गावऱ्हाटीत काम होते, सेवा होती, काही ठिकाणी ठरलेला मानही होता. परंतु गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार नव्हता. ‘व्हय म्हाराजा’ म्हणतानासुद्धा त्याने दूर, देवळाच्या आवाराच्या कडेला उभे राहायचे होते.

म्हणजे महाराला सार्वजनिक आवाजच नव्हता काय? होता, आणि इथेच या इतिहासातली खरी गोम आहे. गावात दवंडी पिटायची ती महाराने. सरकारी हुकूम, शेतसाऱ्याची तारीख, पंचांचा निरोप, कोणाच्या मरणाची खबर, हे सगळे त्याच्या तोंडून गावभर जायचे. गावातला सर्वांत खणखणीत आवाज बहुधा त्याचाच असेल. पण त्या आवाजात त्याचा स्वतःचा असा एक शब्दही नसे. पिढ्यान् पिढ्या त्याने दुसऱ्याचे शब्द वाहिले, जसे दुसऱ्याचे ओझे वाहिले. ‘आमची माणसे मुकी होती’ असे आपण सहज म्हणतो. ती मुकी नव्हती. त्यांचा गळा वतनाला बांधलेला होता.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्याकडे आपण जमिनीचा आणि वेठबिगारीचा प्रश्न म्हणून पाहतो. ते बरोबरच आहे. पण त्यात आवाजाचाही प्रश्न होता. दवंडी पिटणे हे ज्याचे बांधील काम, तो स्वतःचे भाषण कधी करणार? कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. तोवर गळ्याची ही गुलामी कायद्याने जिवंत होती.

२

वतनाबाहेर पडण्याची पहिली वाट लष्कराने दिली. लष्करात पगार होता, वर्दी होती आणि शिपायांच्या व त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय होती. निवृत्त झाल्यावर पेन्शन होते. दापोलीचा कॅम्प म्हणजे महार पेन्शनरांची वसाहतच. सुभेदार रामजी आंबेडकर निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. त्याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त हवालदार १८८६ नंतर स्थायिक झाले. ते मूळचे महाडजवळच्या रावढूळचे. १८८८ साली त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झाले. अस्पृश्यतेला शास्त्राधार काय, असा जाब सवर्ण धुरिणांना प्रश्नांची फैर झाडून विचारणारी ही पुस्तिका. अनार्य दोष परिहारक मंडळीची स्थापनाही त्यांचीच.

गोपाळबाबांना आपण आद्य दलित पत्रकार म्हणतो, आद्य प्रचारक म्हणतो. त्यांच्या धैर्याला तोड नाही. पण त्या धैर्याला जमीन कुठली होती, तेही पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट पेन्शनची. महिन्याला पोटापुरते पैसे गावाच्या हाताबाहेरून येत होते, म्हणून गावाच्या पोटावर लाथ मारण्याच्या धमकीला ते पुरून उरले. दुसरी गोष्ट शेजाराची. भोवती त्यांच्यासारखेच वर्दी उतरवलेले लोक होते. त्यांनी जग पाहिले होते, त्यांना लिहितावाचता येत होते आणि त्यांच्यासमोर विचार बोलून पाहता येत होता. तिसरी गोष्ट छापखान्याची. त्यांचे लेखन ‘दीनबंधू’तून येत राहिले. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवलेले हे सत्यशोधकी पत्र. म्हणजे महाराच्या शब्दाला पहिली छापील जागा सत्यशोधक चळवळीने, जातीबाहेरच्या माणसांनी दिली. ‘सुधारक’मध्येही त्यांनी लिहिले.

पण दिलेली जागा आणि स्वतःची जागा यांत अंतर असते. १८९५ साली गोपाळबाबांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर बसण्यास सवर्ण सभासदांनी हरकत घेतली. ज्याच्या लेखाला वर्तमानपत्रात रकाना मिळाला, त्याच्या देहाला सभागृहात खुर्ची मिळेना. आणि याच सुमारास लष्कराने महारांची भरती थांबवली. १८९४ साली गोपाळबाबांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. हा अर्ज नोकऱ्यांसाठी होता, एवढेच म्हणून भागणार नाही. भरती बंद म्हणजे पुढच्या पिढीचे पेन्शन बंद, शाळा बंद आणि बोलणारा माणूस घडण्याची वाटही बंद. १९०० साली गोपाळबाबा गेले. त्यानंतर कोकणात तशा ताकदीचा आवाज पुन्हा उठायला जवळजवळ पाव शतक लागले. मधल्या काळात गुणी माणसे नव्हती असे नाही. आधाराची साखळी तुटली होती.

३

ही साखळी पुन्हा जोडली गेली ती महाडला. महाडच्या सत्याग्रहाबद्दल आपण चवदार तळ्याच्या पाण्याने बोलतो. मला इथे परिषदेच्या व्यवस्थेबद्दल बोलायचे आहे. कारण भाषण होण्यासाठी आधी मांडव लागतो, जेवण लागते, पाणी लागते.

रामचंद्र बाबाजी मोरे हे महाड-दासगाव परिसरातले तरुण कार्यकर्ते. परिषद भरवायची, बाबासाहेबांना बोलवायचे, ही धडपड त्यांची. पाठीशी होते पेन्शनर, गावोगावचे पंच आणि सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण सहकारी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात आणला तो सी. के. बोले यांनी. बोले भंडारी समाजाचे. आणि भंडारी समाज म्हणजे आमच्या मालवण किनाऱ्यावर माडावर चढणारा, घाम गाळणारा समाज. या नात्याची आठवण आज दोन्हीकडे फारशी कोणाला राहिलेली नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद झाली. ज्या गावात एवढे मोठे तळे, त्या गावात परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चाळीस रुपये त्या काळी लहान रक्कम नव्हती. म्हणजे वक्त्याचा घसा ओला व्हावा, श्रोत्याची तहान भागावी म्हणून आपल्याच तुटपुंज्या वर्गणीतून पाणी खरेदी करून आमच्या पूर्वजांनी भाषण ऐकले. तळ्यावरून परतल्यावर मारहाण झाली, तेव्हा अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेला हिंदू मालकांपैकी कोणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली ती त्या जमिनीवर. ठराव मांडला बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी. ते जन्माने ब्राह्मण.

हा तपशील मी मुद्दाम देतो आहे. व्यासपीठ हे लाकडी फळ्यांचे असते असे आपल्याला वाटते. खरे पाहता ते कोणाच्या तरी जमिनीवर, कोणाच्या तरी वर्गणीवर आणि कोणाच्या तरी जोखमीवर उभे असते. महाडला या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. श्रोते स्वतःचे होते, वर्गणी स्वतःची होती आणि बाहेरचे मित्र होते ते पाठीशी उभे होते, पुढे नव्हते. गोपाळबाबांच्या काळापेक्षा हा मोठा फरक होता.

लेखनाचेही तेच. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. ते १९२३ मध्ये बंद पडले. ३ एप्रिल १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहावे लागत आणि वर कर्जाची चिंता. पत्राचे ऋण हे समाजाचे ऋण आहे, हे वाचकांना विनवून सांगण्याची पाळी त्यांच्यावर आली. १९२९ मध्ये तेही थांबले. एवढ्या मोठ्या लेखकालाही वाचकांच्या आधाराशिवाय पत्र चालवता आले नाही, हे आपण विसरू नये. ‘जनता’ १९३० पासून पाव शतक टिकले, कारण तोवर वर्गणी गोळा करणारी, गठ्ठे वाटणारी, मोठ्याने वाचून दाखवणारी माणसे तयार झाली होती.

४

ही माणसे कुठे तयार झाली? मुंबईत. मालवणच्या, वेंगुर्ल्याच्या, देवगडच्या बंदरातून बोटीने मुंबईला गेलेला आमचा माणूस नायगाव, वरळी, डिलाईल रोड, शिवडीच्या बीडीडी चाळींत किंवा माटुंगा लेबर कॅम्पात उतरला. तिथे गावकीची खोली असे. एका गावचे दहा-पंधरा पुरुष मिळून ती भाड्याने घेत. पाळीप्रमाणे झोपायचे, वाट्याप्रमाणे पैसे द्यायचे, गावच्या मरणाला-लग्नाला वर्गणी काढायची. कोकणातल्या सर्वच जातींच्या चाकरमान्यांची ही रीत. पण दलितांच्या गावकीला आणखी एक काम करावे लागले, ते विचारांचे. गिरणीत चांगला पगार विणकाम खात्यात. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो म्हणून अस्पृश्यांना मज्जाव. दिवसभर हा विटाळ सोसून संध्याकाळी खोलीवर आलेल्या माणसांना त्याचा अर्थ लावून हवा होता.

माझे आजोबा गिरणीत बदली कामगार होते. त्यांना सहीपुरतीही अक्षरे येत नव्हती. पण ‘जनता’तले अग्रलेख ते मुद्द्याबरहुकूम सांगत. खोलीत एक जण वाचणारा असे, बाकीचे ऐकणारे. न कळलेला शब्द कोणी तरी विचारी, वाचणाऱ्याला तो मालवणीत फोडून सांगावा लागे. अशा रीतीने वाचणारा हळूहळू बोलणारा झाला. पुढे तोच शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी आला की वाडीत सभा घेई. दवंडी पिटणाऱ्याच्या नातवाने स्वतःचा शब्द उच्चारला तो असा, दहा बाय बाराच्या खोलीत सराव करून. जलशांनी हेच काम गाण्यातून केले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा आपल्याला माहीत आहे. जलशात ज्याला गळा होता त्याने गायचे, ज्याला नव्हता त्याने संवाद म्हणायचे, तेही येत नसेल त्याने डफ धरायचा. कोणालाही ‘तू साहित्यिक आहेस काय’ असे विचारले गेले नाही.

या गावकीच्या पायावर शिक्षणसंस्थेचा मजला चढला. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. सकाळचे वर्ग असल्यामुळे नोकरी करून शिकणे शक्य झाले. १९५० मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने सिद्धार्थ साहित्य संघ सुरू झाला. त्याच धाग्यातून २ मार्च १९५८ रोजी दलित साहित्याचे पहिले संमेलन मुंबईत भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. तिकडे औरंगाबादला १९५० पासून मिलिंद महाविद्यालयाने मराठवाड्यात हेच कार्य केले. पुढे ‘अस्मितादर्श’ आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे याच मातीतून उगवले. ‘लेखक-वाचक’ हा जोडशब्द लक्षात घ्यावा. लेखकाला एकटा सोडायचे नाही, ही त्यामागची दृष्टी.

५

१९५६ च्या धर्मांतरानंतर गावाकडेही एक संथ, न गाजलेली शाळा सुरू झाली. गावोगावच्या बौद्धवाड्यांचे आणि मुंबईतल्या त्यांच्या मंडळींचे बौद्धजन पंचायतीत संघटन होते. भारतीय बौद्ध महासभा बाबासाहेबांनीच ४ मे १९५५ रोजी स्थापन केलेली. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास प्रवचनमालिका चालते. दिवसा चिखलात लावणी करायची, रात्री कोणाच्या तरी पडवीत जमायचे, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचायचा आणि त्यावर कोणी तरी बोलायचे.

वक्तृत्व शिकवणाऱ्या कोणत्याही पुस्तकापेक्षा ही पडवी मोठी आहे, असे माझे मत आहे. श्रोते वीस-पंचवीस, सगळे ओळखीचे. विषय आधी ठरलेला. चुकले तर हसणारे आपलेच आणि दुरुस्त करणारेही आपलेच. यंदा दहा मिनिटे बोललेला पोरगा पुढच्या वर्षी अर्धा तास बोलतो, तिसऱ्या वर्षी शेजारच्या वाडीतून त्याला बोलावणे येते. श्रोत्यांच्या तोंडचा ‘साधू’ हा शब्द कानावर पडतो तेव्हा मला देवळापुढचा ‘व्हय म्हाराजा’ आठवतो. फरक एवढाच की इथे बोलण्याचा अधिकार कोणाच्या रक्तात ठरलेला नाही. गावऱ्हाटीने जे एका घराण्याला दिले होते, ते धम्माने पडवीत बसलेल्या प्रत्येकाला दिले.

परंतु आंधळे कौतुक उपयोगाचे नाही. ही पडवी बहुतांशी पुरुषांची राहिली. स्त्रिया ऐकायला होत्या, चहा करायला होत्या, बोलायला क्वचित. इतिहास मात्र वेगळे सांगतो. महाडला स्त्रिया होत्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद झाली आणि तिला हजारो स्त्रिया आल्या. हा इतिहास पुसट होत चालला होता. तो ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या स्त्रियांना बोलते करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथात बांधून ठेवला.

६

इथे कोकणातल्या दोन लेखकांची तुलना करावीशी वाटते. माधव कोंडविलकर हे राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे या गावचे, चर्मकार समाजातले प्राथमिक शिक्षक. त्यांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ १९७९ साली पुस्तकरूपाने आले. ते रोजनिशीच्या रूपात आहे, आणि हे रूपच बोलके आहे. रोजनिशी कोण लिहितो? ज्याला बोलायला समोर माणूस नाही, तो. चर्मकार समाज बहुसंख्येने १९५६ च्या धर्मांतरात आला नव्हता. त्यामुळे बौद्धवाडीला मिळाली तशी पडवी, पंचायत, प्रवचनमालिका त्या वाडीला मिळाली नाही. गाव सवर्णांचे, आपल्या जातीत सुधारणेबद्दल औदासीन्य आणि शेजारच्या दलित जातीशीही अंतर. अशा तिहेरी एकटेपणातून ते लेखन आले. ते थोर आहे. पण लेखकाला त्याची किंमत एकट्याने मोजावी लागली. दलित चळवळीने पोटजातींच्या भिंती न ओलांडल्याची ही एक नोंद आहे, असे मी समजतो.

ऊर्मिला पवार १९४५ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या फणसवळे गावी जन्मल्या. आई बांबूची आयदाने विणून घर चालवणारी. डोक्यावर भारे घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांचे चित्र ‘आयदान’ (२००३) मध्ये आहे. त्यांनाही मार्ग सोपा नव्हता. शिकताना, लिहिताना संसारातली ओढाताण त्यांनी लपवलेली नाही. परंतु मुंबईत त्यांना आंबेडकरी चळवळ होती, स्त्रियांच्या चळवळीतल्या मैत्रिणी होत्या, आणि पुढे ‘संवादिनी’सारखा दलित स्त्रियांचा साहित्यमंच त्यांनी उभा केला. ज्या आधाराने आपण उभ्या राहिलो, तो दुसरीसाठी त्यांनी तयार ठेवला. ‘सहावं बोट’ (१९८८), ‘चौथी भिंत’ (१९९०) आणि नंतर आत्मकथन, अशी ही चढती वाट एकटीच्या जिद्दीएवढीच त्या सोबतीचीही आहे.

दोघांनीही आपल्या लोकांबद्दल लिहिले, आणि सगळे गोड लिहिले नाही. इथे आधाराचा दुसरा चेहरा दिसतो. समाज पाठीशी उभा राहतो तेव्हा तो कधी कधी मानेला दावेही बांधतो. पंचायतीच्या हिशेबाबद्दल बोलू नको, घरातल्या मारहाणीबद्दल लिहू नको, चळवळीची बदनामी होईल, असे सांगितले जाते. गायीला गोठाही लागतो आणि दावेही, असे कोणी म्हणेल. पण लेखक ही गाय नव्हे. जो आधार खरे बोलू देत नाही, तो पुन्हा दवंडीच पिटायला लावतो; फक्त हुकूम देणारे बदलतात.

७

आज स्थिती काय आहे? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव उठले. गावकीच्या खोल्यांतला तो सामुदायिक श्रोता विखुरला. चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाल्यावर मुंबई जवळ आली, पण वाड्या रिकाम्या झाल्या. १९९१ पासून कोकण मराठी साहित्य परिषदेने गावोगाव साहित्याचे कार्यक्रम नेले, हे चांगलेच झाले; तिथे आपली मुले जातात, कविता वाचतात. पण गोपाळबाबांचा धडा विसरता कामा नये. मिळालेला रकाना स्वीकारावा आणि स्वतःची पडवीही राखावी.

मी तालुक्याच्या गावी शिकवतो. घरात पदवी घेणारा मी पहिलाच. वर्गात दरवर्षी दोन-चार मुले-मुली अशी भेटतात की ज्यांच्या वहीच्या मागच्या पानावर कविता असते. ती दाखवायची कोणाला, हे त्यांना ठाऊक नसते. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत एका मुलीने आपल्या आजीच्या वेठीबद्दल फार ताकदीने भाषण केले. परीक्षकांनी तिचे गुण कापले ते ‘न’ आणि ‘ण’च्या उच्चारावर. ती पुढे दोन वर्षे स्पर्धेत उतरली नाही. त्या पावसाळ्यात मात्र तिच्या वाडीच्या वर्षावासात ती बोलली. समोर तिची आजी बसली होती आणि उच्चार तपासणारे कोणी नव्हते. हाच प्रश्न आपल्यापुढे आहे. स्पर्धेचे व्यासपीठ तिला गप्प करते आणि पडवी तिला बोलते करते, तर आपण पडव्या किती ठेवल्या आहेत?

संमेलने भरवणे सोपे झाले आहे. फलक, हारतुरे, पाहुण्यांचे मानधन, दुसऱ्या दिवशी छायाचित्र. त्याला माझा विरोध नाही. पण ज्याला अजून दोन ओळीही धड लिहिता येत नाहीत, त्याच्यासाठी संमेलनात जागा नसते. त्याला लागतो महिन्यातून एक दिवस, एक ओळखीची खोली आणि कान देणारी दहा माणसे. ती खोली बौद्धवाडीत असावी आणि तिथे चर्मकार, मातंग, भंडारी, कोळी, मुसलमान अशा सगळ्या घरांतली मुले यावीत. बोलण्याची पाळी पहिल्यांदा मुलींना द्यावी. म्हाताऱ्यांकडून दवंडीच्या, वेठीच्या, मुंबईच्या खोल्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. लिहायला शिकण्याचा याहून चांगला धडा नाही, आणि ती माणसे आता फार थोडी उरली आहेत. वर्गणी स्वतःची असावी, मग ती दहा रुपये का असेना. पंचायतीवर टीका करणारे लिखाणही तिथे वाचले जावे आणि पंचांनी ते ऐकून घ्यावे.

महाडला आपल्या माणसांनी चाळीस रुपयांचे पाणी विकत घेऊन भाषण ऐकले होते. त्या हिशेबाने पाहिले तर आपल्याकडून मागणे फार थोडे आहे. शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी, शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने आपल्या वाडीत एक पडवी उघडी ठेवावी आणि तिथे बोलायला उभ्या राहिलेल्या पोराचे, पोरीचे वाक्य संपेपर्यंत ऐकून घ्यावे.